हिल्डाच्या घाटावरचा टोल

नॉर्बर्ट झास्ट्रोला मी चाळीसएक वर्षं ओळखते, आणि त्यातली निम्मी तरी त्याच्यावर चिडण्यात गेली असतील. मवाळ माणसांचा मला राग येतो. समोरचा यांच्या पायावर पाय देऊन उभा असला तरी हे म्हणणार, असू दे, त्याला जागा कमी पडत असेल. नॉर्बर्ट त्यातला. बेलॉइटच्या अर्ध्या गावाला गाडी चालवायला त्यानं शिकवलं. हायस्कूलच्या पोरांच्या शेजारच्या सीटवर बसायचा, स्वतःच्या पायाखाली एक जादा ब्रेक ठेवून. मलाही त्यानंच शिकवलं. मी कोपऱ्यावरची टपालपेटी आडवी केली, तेव्हासुद्धा तो एवढंच म्हणाला, "आता जरा मागे घेऊ, वँडा."

त्याच्या घराच्या तळघरात दर शनिवारी दुपारी आमचा खेळ चालतो. माझा नवरा त्याला अजून पोरखेळ म्हणतो. म्हणू दे. तो स्वतः दर रविवारी टीव्हीपुढे बसून परक्या माणसांना चेंडू कसा पकडायचा ते ओरडून शिकवतो, त्याला मी कधी काही म्हटलं का? तर खेळ असा: प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं, कुणी तलवारवाला, कुणी चेटकीण, कुणी चोर. आणि एकानं उरलेलं सगळं जग व्हायचं. राजा तोच, राक्षस तोच, खानावळवाली तोच आणि पाऊसही तोच पाडणार. त्याला आम्ही मास्तर म्हणतो. पुढे काय होतं ते अर्धं बोलण्यावर ठरतं, अर्धं वीस बाजूंच्या फाशावर.

या खेळाच्या छापील नियमांची जाडजूड पुस्तकं मिळतात. नॉर्बर्टनं ती मन लावून वाचली, कपाटावर ठेवून दिली आणि घरचे नियम केले. म्हणजे केले असं नाही, खेळता खेळता झाले आणि आमच्या तोंडी बसले. फासा टेबलाखाली गेला तर तो धरायचा नाही. लढाईतून पळणाऱ्याला हसायचं नाही, पळायलाही अक्कल लागते. जादूचं औषध प्यायलं तर त्याची चव सांगायची. चव सांगता आली नाही तर गुण येणार नाही. हा आर्लीनचा नियम, नॉर्बर्टच्या बायकोचा. त्यापायी मार्व होल्त्झ नावाचा आमचा दांडगा गडी जखमी होऊन पडला होता आणि शब्द शोधत होता, "जरा… गाजरासारखं?" आर्लीन म्हणाली, "गाजरासारखं काय? उकडलेलं की कच्चं? मर मग."

मास्तरनं फासा सगळ्यांसमोर टाकायचा, आडोशाला नाही, हाही नियम. आणि सगळ्यांत मोठा नियम मरणाचा. छापील पुस्तकात मेलेल्याला उठवायचे हजार उपाय आहेत. आमच्याकडे मेलेला उठत नाही. पण मरताना त्याला एक वाक्य मिळतं, आणि ते वाक्य त्या जगात कायमचं खरं होतं. मग मेलेल्यानं गप्प बसायचं आणि सगळ्यांसाठी कॉफी करायची.

मार्व रात्रपाळी करायचा तेव्हा त्याचा बुटका मरताना म्हणाला, "या डोंगरातला एकही कोंबडा सकाळी लवकर आरवणार नाही." तेव्हापासून आमच्या डोंगरात कोंबडे चांगलं ऊन वर आल्यावर आरवतात. माझी चोरटी फासावर गेली तेव्हा मी म्हटलं होतं, रडणाऱ्या पोरावर उगारलेला हात खाली येणार नाही. तो आजवर आलेला नाही. आमचं ते जग असं एकेका मेलेल्याच्या वाक्यानं घडत गेलं. त्यातली काही माणसं गाव सोडून गेली, काही खरोखर गेली, वाक्यं तिथेच आहेत.

आता आर्लीनचं वाक्य. आर्लीन शाळेची पिवळी बस चालवायची. मागच्या सीटवर कोण कुणाला चिमटे काढतंय ते तिला मानेतून दिसायचं म्हणे. तिची बहीण रॉकफर्डला, म्हणजे राज्याची हद्द ओलांडली की इलिनॉयमध्ये. आमच्या विस्कॉन्सिनात रस्त्यावर टोल नाही. तिकडे पाऊल टाकलं की टोल. त्या काळी खिडकीतून नाणी टोपलीत फेकावी लागायची. आर्लीन ती नाणी अशी फेकायची की टोपलीला लागावं. "बहिणीला भेटायला जातेय मी," ती त्या टोपलीला सांगायची, "नातं माझं, गाडी माझी, तू कोण रे मध्ये?"

खेळात तिचं पात्र होतं हिल्डा, एका मोठ्या नदीवरची नावाडीण. एकदा महापुरात हिल्डा कुणाची तरी पोरं पलीकडे सोडून एकटी परत येत होती. मास्तर नॉर्बर्ट. त्यानं सगळ्यांसमोर फासा टाकला आणि नाव उलटली. आर्लीननं नवऱ्याकडे असं पाहिलं की मार्वनं आपली खुर्ची मागे घेतली. मग ती म्हणाली, "या नदीवर नावेचं भाडं कुणाला पडणार नाही." आणि उठून कॉफी करायला गेली. पुढचे दोन दिवस नॉर्बर्टच्या डब्यात नुसता पाव होता. पण तिनंच मला सांगितलं, "त्यानं फासा लपवून टाकून मला वाचवलं असतं ना, तर मी बॅग भरून रॉकफर्डला गेले असते. टोल भरून."

तिनं नंतर दुसरी पात्रं घेतली, पुष्कळ वर्षं खेळली. चार वर्षांपूर्वी ती गेली. सकाळी स्वयंपाकघरात, अंडी फोडता फोडता. त्यानंतर खेळात आम्ही त्या नदीवर आलो की नॉर्बर्ट इतकंच म्हणायचा, "घाटावर कुणी काही मागत नाही. तुम्ही पलीकडे पोचता." आणि घाईनं पुढची गोष्ट काढायचा. मीही कधी छेडलं नाही.

मग त्याची नजर गेली. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. फाशावरचा आकडा तर नाहीच. त्यानं मास्तरकी सोडायचं ठरवलं आणि ती कुणाला द्यावी? आमच्यात खेळायला येणाऱ्या ब्रेट लिंडक्विस्टला. मी म्हटलं, मार्व आहे, मी आहे. तर म्हणाला, "तुम्ही दोघं माझ्याइतकेच म्हातारे व्हायला आलात. तो पुढे चालवेल."

ब्रेट विमा कंपनीत आहे. गारपिटीनं फुटलेली छपरं बघायला जातो आणि यातलं निम्मं आधीच फुटलेलं होतं असं लिहून येतो. पोटासाठी करतो, करू दे. पण तीच नजर घेऊन तो आमच्या तळघरात उतरला. सोबत बायको कायला, नुकतीच खेळायला लागलेली, गुणी पोरगी. मास्तर म्हणून पहिल्याच शनिवारी त्यानं छापील पुस्तकं टेबलावर रचली आणि घसा साफ केला.

"मी सगळ्यांचा मान राखून सांगतो," ब्रेट म्हणाला. हे वाक्य ऐकलं की ओळखावं, आता मान जाणार. "हे घरचे नियम गमतीचे आहेत. पण बॅलन्स राहत नाही. कोंबडे उशिरा आरवतात, नाव फुकट. लोकांकडे सोनं साचलंय, ते खर्च कुठे करायचं? आज शेवटचं जुन्या पद्धतीनं खेळू. उठताना हात वर करून ठरवू, पुढच्या शनिवारपासून छापील नियम लावायचे का."

"आणि मेलेल्यांची वाक्यं?" मी विचारलं.

"नव्यानं सुरुवात म्हणजे नव्यानंच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नॉर्बर्टकडे पाहिलं. तो चीझचे ताजे गोळे तोंडात टाकत होता, दाताखाली कुईकुई वाजवत. "जो टेबल चालवतो त्याचं ऐकायचं," म्हणाला. पाच डोकी आम्ही. ब्रेट आणि कायला तिकडे, मार्व आणि मी इकडे, मधोमध हा. आणि हा मूग गिळून बसलेला. आर्लीन असती तर त्याच्या हातातली वाटी काढून घेतली असती.

खेळ सुरू झाला. नॉर्बर्टनं इतक्या वर्षांत पात्र असं घेतलंच नव्हतं. मास्तरला कुठलं पात्र? त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. बेन्नो नावाचा म्हातारा चीझवाला. ना तलवार, ना मंत्र, जीव तरी केवढा, दोन थपडांचा. मी म्हटलं, "अरे, निदान काठी तरी घे." तर म्हणे, "कशाला? तुम्ही आहात की."

हिवाळा आहे, आम्ही नदीवर पोचतो. आणि ब्रेट सांगतो, "घाटावर राजानं टोलनाका बसवलाय. दोन शिपाई. पलीकडे जायचं तर माणशी चांदी मोजा."

"थांब," मी म्हटलं. "आज जुने नियम ना? मग हे काय?"

"जुन्याच नियमांनी आहे. वाक्य काय आहे? नावेचं भाडं पडणार नाही. बरोबर? नावाडी भाडं घेतच नाही. हा राजाचा कर आहे."

बघा आता. गारांनी छप्पर फुटलं, पण आमच्या कागदात वाऱ्याचं लिहिलंय. मी म्हटलं, "ब्रेट, तुला लाज वाटत नाही? ते वाक्य कुणाचं आहे माहीत आहे ना?"

"वँडा, वैयक्तिक घेऊ नका. फार जुनी गोष्ट आहे ती. कायलाला तर ती बाई कोण हेही माहीत नाही."

कायलानं बिचारीनं सरळपणे विचारलं, "कोण बाई?"

"माझी बायको," नॉर्बर्ट म्हणाला.

ब्रेटचे कान लाल झाले, पण पुस्तकावरचा हात त्यानं काढला नाही. मला वाटलं, आता तरी हा माणूस उसळेल. उसळणं राहिलं बाजूला, त्यानं शांतपणे विचारलं, "नदी गोठलीय का?"

"गोठलीय. पण मधोमध बर्फ पातळ आहे."

"मग बेन्नो टोल देत नाही. चालत जातो."

"नॉर्बर्ट, पातळ म्हणजे खरंच पातळ. तुमच्या पात्राला दहाच्या वर पडायला हवेत. नाही पडले तर गेला तो."

"ऐकलं मी. डोळे गेलेत, कान आहेत."

मार्वनं टेबलाखालून मला पाय मारला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारा मरायला निघाला होता. मेला की वाक्य मिळणार, आणि आज जुने नियम. एका वाक्यात तो टोल, कर, राजा, छापील पुस्तक, सगळं उडवून लावणार होता. मवाळ म्हणते मी याला. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली आणि शिपायांच्या अंगावर धावून जाण्याचा माझा बेत गुंडाळला.

नॉर्बर्टनं फासा टाकला आणि कायलाला म्हणाला, "काय पडलं, वाच गं."

"चार," ती म्हणाली.

ब्रेट काही राक्षस नाही, हे मला कबूल करायला हवं. तो म्हणाला, "टेबल हललं. परत टाका."

"टेबल हललं नाही. पडला तो पडला," नॉर्बर्ट म्हणाला. "बेन्नो बुडतोय. माझं वाक्य."

मी तर त्याला शब्दही मनातून पुरवत होते. कुणीही, कसलाही, कधीही. बोल, नॉर्बर्ट, नीट बोल, फट ठेवू नकोस, समोर विमावाला आहे.

नॉर्बर्ट म्हणाला, "त्या पुरात हिल्डा बुडाली नव्हती. खालच्या वळणावर काठाला लागली."

आणि तो उठून कॉफी करायला गेला.

आधी कुणाच्या डोक्यात काही शिरलंच नाही. मग ब्रेट म्हणाला, "एक मिनिट. मेलेला उठत नाही ना तुमच्यात?"

"उठली कुठे?" मार्व म्हणाला. "बुडालीच नव्हती."

"बरं. पण बुडाली नव्हती, तर मरतानाचं वाक्यही नाही." ब्रेटची विमावाली नजर चमकली. "म्हणजे नाव फुकट नाही. टोलही लागणार आणि भाडंही."

इतकी वर्षं. इतकी वर्षं आम्ही त्या बाईचं वाक्य तळहातावरच्या फोडासारखं जपलं. मी त्याच्यासाठी भांडायला उभी राहिले, मार्वसारखा अबोल माणूस बोलायला लागला, आणि या गृहस्थानं ते स्वतःच्या हातानं नदीत सोडलं. मी उठून कॉफीच्या ओट्याशी गेले.

"काय केलंस हे?" मी म्हटलं. "तिची तेवढी एक गोष्ट उरली होती इथे. तो आयता जिंकला. तुला कळलं तरी का काय केलंस?"

तो चमच्यानं चाचपत कॉफी मोजत होता. "कळलं."

"मग? एक वाक्य होतं तुझ्याकडे. सरळ बंदोबस्त करायचास. तिच्या शब्दाला कुणी हात लावला नसता."

"शब्द तुम्ही चांगला सांभाळलात," नॉर्बर्ट म्हणाला. "पण वँडा, मला तिचा शब्द नको होता गं. मला ती हवी होती. तो फासा मीच टाकला होता."

मी आपली कप मांडत राहिले.

मागे टेबलावर मार्व ब्रेटला विचारत होता, "हिल्डा जिवंत आहे तर सध्या असते कुठे?"

"कुठे असणार? घाटावरच असेल," ब्रेट म्हणाला. त्याला वाटलं, विषय संपला.

"मग मी तिच्याकडे जाते," कायला म्हणाली. "आणि विचारते, या टोलबद्दल तुमचं म्हणणं काय?"

आता मास्तर म्हणजे उरलेलं सगळं जग. शिपाई ब्रेट, नदी ब्रेट, आणि हिल्डाही ब्रेटच. त्यानं पुस्तकाची दोन पानं उलटली. त्यात काय असणार? शेवटी गोड आवाज काढून तो म्हणाला, "या, या, स्वागत असो. टोल म्हणजे, राजानं ठरवलंय, तर आपल्याला काय…"

"ती असं नाही बोलायची," ओट्याकडून आवाज आला.

मेलेल्यानं बोलायचं नसतं. नियम त्याचाच. कुणीही त्याला आठवण करून दिली नाही.

"मग कसं?" ब्रेटनं विचारलं.

"आधी शिवी."

"कुठली?"

नॉर्बर्टनं सांगितली. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा हा माणूस. मी त्याच्या तोंडून तसलं काही कधी ऐकलं नव्हतं. कायला हसता हसता खुर्चीत मागे गेली. ब्रेटनं ती शिवी दबकत दबकत देऊन पाहिली.

"जोरात," नॉर्बर्ट म्हणाला, "आणि शिपायाकडे बघून नाही, टोलाच्या पेटीकडे बघून. माणसावर राग नसायचा तिचा." तो कॉफी तशीच सोडून टेबलाशी आला, चाचपत खुर्चीवर बसला आणि सांगायला लागला. ती कमरेवर हात कुठला ठेवायची, वाक्य अर्ध्यात तोडून पुन्हा पहिल्यापासून का सुरू करायची, रॉकफर्डच्या वाटेवर काय काय म्हणायची. चार वर्षांत त्यानं तिचं नावसुद्धा काढलं नव्हतं. कॉफी उतू गेली, मी पुसली.

उठताना हात वर करायचे होते. मरतानाच्या वाक्याचा नियम आणि आधीची वाक्यं राहू द्यावीत, म्हणून सगळ्यांत आधी हात कायलानं वर केला. मार्वचा आणि माझा होताच. ब्रेट म्हणाला, बाकीचे नियम छापील, आणि तेवढं मात्र त्यानं करून घेतलंच. औषधाची चव आता कुणी सांगत नाही. मला ते अजिबात मान्य नाही, आणि मी दर शनिवारी तसं बोलून दाखवते.

टोल अजून आहे. हिल्डा दर आठवड्याला त्या पेटीशी भांडते, भाडं मागणाऱ्या स्वतःच्या नावेवरच्या पोरांशीही भांडते, आणि निम्म्या लोकांना नजर चुकवून तशीच पलीकडे नेऊन सोडते. ब्रेटला तिचा आवाज आता इतका जमलाय की परवा ती कडाडली, "नातं माझं, नाव माझी, तू कोण रे मध्ये?" तेव्हा नॉर्बर्ट नेहमीच्या सवयीनं, समोरचं न दिसणारे डोळे त्या आवाजाकडे वळवून म्हणाला, "असू दे गं, आर्लीन."